चौथी शिट्टी

"दुधाकडे बघा. दुसरं काही म्हणजे काही करू नका," असं दोनदा बजावून चंपाबाई परळला बहिणीकडे निघून गेल्या आणि राजारामभाऊ तांबे रविवारी संध्याकाळी पाच वाजता दुधासमोर उभे राहिले. दूध पातेल्यात, पातेलं गॅसवर, गॅस बारीक. काम सोपं होतं. पण शेगडीच्या बाजूलाच खिडकी होती आणि खिडकीतून बाविसाव्या मजल्यावरची वरळी दिसत होती, तिथं सगळा घोळ होता.

बीडीडी चाळीत साठ वर्षं काढलेल्या माणसाला घार पोटाकडूनच माहीत असते. ती वर फिरते, आपण मान वर करायची. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आल्यापासून राजारामभाऊंना घारीची पाठ दिसत होती. सहा महिने ती रोज दिसत होती आणि रोज ते "आयला!" म्हणत होते. आश्चर्य वाटून घेण्याचा त्यांचा स्वभावच होता. महापालिकेच्या पाणीखात्यात त्यांनी बत्तीस वर्षं चावीवाल्याचं काम केलं. पहाटे रस्त्यातलं झाकण उचलायचं, छातीइतक्या उंचीची लोखंडी चावी आत घालायची आणि गरागरा फेरे मारायचे, की अर्ध्या वरळीला पाणी. आपण इथं चावी फिरवली आणि तिकडे तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी नळ खोकला, याचं नवल त्यांना निवृत्तीच्या दिवसापर्यंत पुरलं.

त्या सगळ्या नवलांपेक्षा मोठं नवल म्हणजे त्यांची मुलगी संघमित्रा. घरातली मितू. जमिनीखालच्या पाइपातून पाणी नेमकं कुठं गळतंय ते नुसत्या आवाजावरून कसं ओळखायचं, यावर ती जर्मनीत, ड्रेस्डेन नावाच्या शहरात, पीएचडी करत होती. आपण रस्त्याला कान लावून जे करायचो त्याची परदेशात पदवी मिळते, हे राजारामभाऊंनी लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला एकदा तरी सांगितलं होतं. ज्यांनी दोनदा ऐकलं होतं ते जिन्यानं जायला लागले होते.

मात्र गेल्या रविवारी मितूनं फोनवर वेगळंच सांगितलं होतं. "बाबा, मार्चचं तिकीट काढलंय. कायमची येतेय. आईला आत्ताच बोलू नका." का, तर काम छान आहे, माणसं चांगली आहेत, पण घरी आलं की कुणी नाही. आठ महिन्यांत शेजारच्या दारातून "गुटेन टाग"पलीकडे शब्द आला नाही. "मी इथं पडले-झडले तरी कुणाला पत्ता लागायचा नाही, बाबा," असं ती म्हणाली आणि मग उगीचच हसली. राजारामभाऊंना ते हसणं आठवडाभर ऐकू येत होतं. पोरगी परत यावी असं त्यांच्या पोटातून वाटत होतं आणि येऊ नये असं त्याच पोटातून वाटत होतं. दोन्ही एकदम वाटल्यामुळे त्यांना झोप येत नव्हती.

फोन वाजला. पडद्यावर मितू, तिच्या मागे कुकर.

"काय करताय, बाबा?"

"दूध बघतोय. तू?"

"डाळ लावलीय. साडेबारा वाजलेत इथं. रविवारी इथं आवाज करायचा नसतो ना, म्हणून किचनचं दार लावून फटीला टॉवेल कोंबते. शिट्टी बाहेर जायला नको. शेजारी क्राऊजेबाई आहेत, फार कडक. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण बघतात अशी की आपण काहीतरी चोरलंय."

"ते सोड. तुमच्या बिल्डिंगला पाण्याचा व्हॉल्व्ह कुठं बसवलाय? गेल्या वेळी विचारलं होतं, तू दाखवलाच नाहीस."

"बाहेर जिन्यात कपाट आहे, त्यात. थांबा, दाखवते."

पडदा हलला. पांढऱ्या भिंती, काळा कठडा, जिन्याच्या खिडकीत बर्फ. मितूनं भिंतीतलं कपाट उघडलं आणि आत ओळीनं बसवलेले निळे व्हॉल्व्ह दाखवले. प्रत्येकावर घराचा नंबर, गंजाचा एक ठिपका नाही. राजारामभाऊ "आयला!" म्हणणारच होते, तेवढ्यात फोनमध्ये मागे कुठंतरी खट् असं वाजलं.

पडद्यावरचं कपाट एकदम तिरकं झालं.

"काय झालं गं?"

"बाबा, दार लागलं."

"मग उघड."

"बाहेरून उघडत नाही इथं. नुसती मूठ असते. चावी आत आहे."

"पण तू दार ओढलंस कशाला?"

"मांजर शिरेल म्हणून," मितूच्या तोंडून निघून गेलं.

"तिकडे मांजर आहे?"

"नाही हो!"

याला कोण काय करणार! चाळीत दार दिवसभर सताड उघडं. पाण्याला, गच्चीवर, शेजारी, कुठंही निघालं की आतून चंपाबाईंची हाक यायची, "दार ओढून घे गं, मांजर शिरेल!" चाळीतल्या करड्या मांजरीनं आणि तिच्या आईनं, आजीनं तांब्यांच्या घरचे इतके बोंबील खाल्ले होते की ती हाक त्या घरातल्या माणसांच्या हातात जाऊन बसली होती. चाळीत ओढलेलं दार ढकललं की उघडायचं. ड्रेस्डेनमध्ये ओढलेलं दार म्हणजे संपला कारभार. पायात मोजे, अंगात पातळ टी-शर्ट, बाहेर उणे चार आणि आत विजेच्या शेगडीवर कुकर.

तेवढ्यात दोन दारांच्या आडून, टॉवेलमधून गाळून आलेली एक बारीक शिट्टी राजारामभाऊंच्या फोनमध्ये वाजली.

"किती शिट्ट्यांची डाळ?" त्यांनी घाबरून विचारलं.

"तीन. पाणी पण तीनचंच आहे. बाबा, मी फोन ठेवते, बिल्डिंगच्या ऑफिसला लावून बघते."

फोन बंद झाला. कुकर चंपाबाईंनी सामानात घालून दिलेला. त्यातलं पाणी आटलं की काय होतं ते राजारामभाऊंना ठाऊक होतं, आणि भाड्याच्या घरात, परक्या मुलखात तसं झालं की त्यापुढे काय होतं ते ठाऊक नसल्यामुळे जास्तच भीती वाटली. काहीतरी करायला हवं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या गुणाजी सकपाळांचा मुलगा बुद्धभूषण पाच वर्षं दोह्याच्या एका हॉटेलात दुरुस्तीचं काम करून आला होता. चारशे खोल्यांची दारं त्याच्या हाताखालून गेली होती म्हणे. गुणाजी वेगळ्या नंबरच्या चाळीतले. सहा महिन्यांत लिफ्टपाशी "जय भीम, जय भीम" यापुढे बोलणं झालं नव्हतं, कारण इथं सगळी दारं बंद असायची. पण ही वेळ मानापमानाची नव्हती. राजारामभाऊ बनियन-लुंगीवर, फोन हातात धरून तसेच धावत निघाले आणि निघता निघता त्यांचा हात मागे गेला.

खट्.

ते लॅच त्यांनी स्वतः लोहार चाळीच्या बाजारातून निवडून आणलं होतं. ओढलं की आपोआप लागतं म्हणून खूश झाले होते आणि ते आल्यागेल्याला ओढून दाखवलं होतं. एक चावी चंपाबाईंच्या पर्समध्ये, परळला. दुसरी आत, खुंटीवर. बत्तीस वर्षं अर्ध्या वरळीला चावी फिरवून पाणी देणारा माणूस बनियनवर स्वतःच्या घराबाहेर उभा होता आणि आत दूध होतं.

त्यांनी समोरची बेल दाबली. गुणाजींनी दार उघडलं.

"जय भीम. काय झालं, तांबे?"

"दूध," राजारामभाऊ म्हणाले. मग म्हणाले, "नाही, डाळ. आधी डाळ, मग दूध."

गुणाजींनी त्यांना खुर्चीवर बसवायचा प्रयत्न केला. पण दोन वाक्यांत खुलासा झाला आणि बुद्धभूषण केसांवरून हात फिरवत बाहेर आला. त्यानं लॅचकडे पाहिलं, दार हलवून पाहिलं.

"काका, नुसतं ओढून लागलंय ना? चावी फिरवली नव्हती?"

"चावी आत आहे. फिरवणार काय?"

"मग काय टेन्शन नाय. एक एक्स-रे पायजे."

"अरे, मी पडलो नाही! मला काही लागलेलं नाही!"

"तुमचा नाय हो काका, एक्स-रेची फिल्म. वरनं फटीत सारायची, खाली ओढत आणायची, लॅचची जीभ आत जाते. दोह्यात गेस्ट लोक रोज अडकायचे."

आता त्या मजल्यावर एक्स-रेला काय तोटा! गुणाजींचा चेहरा उजळला. ते आत गेले आणि पिशवीतून दोन मोठ्या फिल्म घेऊन आले. "हा डावा गुडघा, हा उजवा. उजवा वापर, बुद्धा, डावा डॉक्टरला परत दाखवायचाय." दार उघडं राहिल्यामुळे गुणाजींच्या पत्नी ललितावहिनी बाहेर आल्या, त्यांचा आवाज ऐकून पलीकडचे दोघे आले, लिफ्टमधून उतरलेले तिघे थांबले. सहा महिने मुका असलेला तो पॅसेज पाच मिनिटांत भरून गेला. कुणी सांगे अग्निशमन दलाला बोलवा, कुणी सांगे दुधाला अजून वेळ आहे, बारीक गॅसवर आहे.

फोन वाजला. मितू. तिचे दात वाजत होते.

"ऑफिस बंद. रेकॉर्डिंग लागतंय. किल्लीवाला म्हणतो अडीच तासांनी येतो. पाच शिट्ट्या झाल्या, बाबा!"

"घाबरू नकोस. इथं बुद्धभूषण आहे, तो सांगतो तसं कर. तुझ्याकडे एक्स-रे आहे का?"

"माझ्याकडे? बाबा, मी मोज्यांवर उभी आहे!"

याच क्षणी मितूच्या मागचं दार उघडलं. "मेले," ती पुटपुटली. "क्राऊजेबाई आल्या." पडद्यात पांढरे केस, हातात काठी, अंगात जाड कोट आणि पायात चक्क बाहेरचे बूट घातलेली एक उंच म्हातारी दिसली. तिनं आधी मितूच्या मोज्यांकडे पाहिलं, मग बंद दाराकडे पाहिलं. आतून सहावी शिट्टी आली. म्हातारीनं बोट वर करून काहीतरी म्हटलं.

"काय म्हणते?"

"सहा, म्हणतात. बाबा, तक्रार करणार ह्या!"

गुणाजींनी मात्र वेळ दवडली नाही. त्यांनी राजारामभाऊंच्या हातातला फोन आपल्याकडे वळवला, आपला उजवा गुडघा उजेडाला धरला, बोटानं फिल्मवर टिचकी मारली आणि मग दाराच्या फटीकडे बोट केलं. जर्मन भाषेतलं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. क्राऊजेबाईंनी फोनच्या अगदी जवळ येऊन तो गुडघा नीट पाहिला. त्यांच्या कपाळाच्या आठ्या गेल्या. "आऽऽ!" म्हणून त्या आत वळल्या आणि मिनिटभरात एक पिवळं पडलेलं भलंमोठं पाकीट घेऊन आल्या. त्यातून निघाली एक कंबर. जुनी, मोठ्या आकाराची, उत्तम फिल्म. कंबरेच्या उजव्या बाजूला लोखंडी खिळा स्पष्ट दिसत होता.

"आयला!" राजारामभाऊ म्हणाले.

"ऑपरेशन केलेलं दिसतंय," गुणाजी आदरानं म्हणाले. "विचार गं पोरी, जिना चढताना दुखतं का."

"पप्पा, नंतर!" बुद्धभूषण ओरडला. "मितू, बघ माझ्याकडं. मी करतो तसं कर. वरनं घाल. आता तिरकी. हळूहळू खाली. दाराला खांदा लाव, हलव जरा."

एकाच वेळी वरळीत गुडघा आणि ड्रेस्डेनमध्ये कंबर फटीत शिरली. इकडे बुद्धभूषणनं खांदा लावला आणि दार सुतासारखं उघडलं. आतून करपलेल्या दुधाचा वास आला. ललितावहिनी धावत जाऊन गॅस बंद करून आल्या. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, पण राजारामभाऊ स्वतःच्या उघड्या दारातून आत गेलेच नाहीत. ते फोनला कान लावून उभे होते. सातवी झाली. आठवी झाली. मग काहीच होईना.

"शिट्टी थांबली," ते म्हणाले. थांबलेल्या आवाजाचा अर्थ त्या मजल्यावर त्यांच्याइतका कुणालाच कळत नव्हता. आत पाणी संपलं होतं.

"होत नाहीये, बाबा, हात बधिर झालेत," मितूचा रडवेला आवाज आला.

तेव्हा क्राऊजेबाईंनी काठी मितूच्या हातात दिली, तिच्याकडून फिल्म काढून घेतली, फटीत सरकवली आणि ज्या कंबरेचा तो एक्स-रे होता तीच कंबर दाराला लावून एक धक्का दिला.

दार उघडलं. वरळीच्या पॅसेजमध्ये जो आरडाओरडा झाला तो ड्रेस्डेनच्या जिन्यात, रविवारच्या दुपारी, चार मजले ऐकू गेला असणार. पडद्यावर धूर दिसला, मितूचे धावणारे पाय दिसले, उघडलेली खिडकी दिसली. मग मितूनं फोन ओट्यावर टेकवून ठेवला असावा, कारण बराच वेळ नुसतं छत दिसत होतं. क्राऊजेबाईंचा आवाज येत होता. संथपणे, एकसारखा, न थांबता. आणि मग मितूचं रडणं ऐकू आलं.

"ओरडली का गं ती?" राजारामभाऊंनी फोन तोंडाजवळ धरला. "मितू! घर सोडायला सांगते का?"

मितू पडद्यात आली. नाक पुसत होती.

"नाही बाबा. त्यांची जेवणाची खोली माझ्या किचनला लागून आहे. मध्ये एकच भिंत. त्या म्हणतात, मी इथं आले तेव्हापासून दर रविवारी साडेबाराला त्या शिट्ट्या ऐकतात. तिसरी शिट्टी झाली की स्वतःचं ताट वाढून घेतात. एकटीनं जेवायचं तर निदान कुणाच्या तरी बरोबरीनं, म्हणून." तिनं पुन्हा नाक पुसलं आणि म्हणाली, "आज चौथी झाली तेव्हा त्यांना वाटलं काहीतरी बिनसलंय. पाचवीला उठल्या आणि बूट घातले. मी पडले असेन म्हणून त्या डॉक्टरकडे जायच्या तयारीनं बाहेर आल्या होत्या, बाबा."

पॅसेजमधले अकरा जण ऐकत होते. राजारामभाऊ या वेळी "आयला" म्हणायलाही विसरले. आपली पोर जमिनीला कान लावून पाणी शोधायला इतक्या लांब गेली होती आणि आठ महिने भिंतीच्या पलीकडून कुणीतरी तिलाच ऐकत होतं. त्यांनी लुंगीच्या टोकानं डोळे पुसले आणि गुणाजींनी आपला गुडघा पिशवीत ठेवायच्या निमित्तानं मान फिरवली.

सात वाजता चंपाबाई परतल्या तेव्हा त्यांच्या घराचं दार सताड उघडं होतं, आत अकरा माणसं बसून काळा चहा पीत होती आणि मोरीत एक काळंठिक्कर पातेलं भिजत पडलं होतं. त्यांनी माणसांकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"दुधाकडे बघा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"बघत होतो," राजारामभाऊ म्हणाले. "बाहेरून."

दुसऱ्या दिवसापासून तांब्यांची एक चावी सकपाळांच्या खुंटीवर गेली आणि सकपाळांची तांब्यांच्या खुंटीवर आली. तिकडे मितूचीही एक चावी भिंतीपलीकडे गेली असं तिनं कळवलं. पण मार्चबद्दल ती काही बोलली नाही आणि राजारामभाऊंना विचारायचा धीर होत नव्हता.

पुढच्या रविवारी पाच वाजता फोन आला तेव्हा दोघं नवराबायको शेगडीपाशी उभी होती. या वेळी चंपाबाईंनी कुणावर भरवसा ठेवला नव्हता. दूध गॅसवर होतं आणि दुधाकडे त्या स्वतः बघत होत्या. पडद्यावर मितू, तिच्या मागे तोच कुकर, घासून घासून लख्ख केलेला. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. किचनच्या दाराला टॉवेल नव्हता.

"बाबा, ते मार्चचं तिकीट," मितू सहज म्हणाली, "रद्द करून टाकलं."

"कसलं मार्चचं?" चंपाबाईंनी मान वळवली.

"काही नाही," बापलेक एकदम म्हणाली.

शिट्टी झाली. राजारामभाऊंनी बोट दुमडलं. दुसरी झाली. तिसरी झाली, तशी ड्रेस्डेनमधली दारावरची बेल वाजली. मितू धावत गेली. कोट नाही, बूट नाहीत, निळा झगा आणि घरातल्या सपाता घातलेल्या क्राऊजेबाई हातात झाकलेलं भांडं घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. पडद्यातून पहिल्यांदाच समोरासमोर आलेल्या चंपाबाईंनी आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले आणि मग त्यांचं लक्ष मागच्या उघड्या दाराकडे गेलं.

"अगं, दार ओढून घे, मांजर—"

त्यांचं वाक्य तोंडातच राहिलं. क्राऊजेबाईंच्या सपातांमधून एक लठ्ठ करडं मांजर शेपटी उभी करून शांतपणे आत आलं, त्यानं सगळ्या खोलीकडे एकदा पाहून घेतलं आणि मितूच्या खुर्चीवर उडी मारून बसलं. आठ महिने बंद दारांमुळे क्राऊजेबाईंच्या घरात मांजर आहे हे मितूलाही माहीत नव्हतं.

"बघा!" चंपाबाई आनंदानं जवळजवळ ओरडल्या. "बघा! मी काय सांगत होते! चाळीस वर्षं काय सांगत होते! मला हसता सगळे, आता बघा, जर्मनीत पण शिरलं की नाही!" त्यांनी फोन राजारामभाऊंच्या हातातून ओढून घेतला, मांजर जवळून पाहिलं, क्राऊजेबाईंना दाखवलं, मितूला दाखवलं, त्याला बोंबील चालतील का ते विचारलं.

राजारामभाऊ बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांना मागे सूं असा ओळखीचा आवाज आला आणि त्यांनी वळून पाहिलं. दूध पातेल्याच्या काठावर आलं होतं आणि खिडकीबाहेर घारीची पाठ होती.

"आयला!" ते म्हणाले. पण त्या दिवशी दुधाकडे बघायचं काम त्यांचं नव्हतं.